सव्वा व्होल्टचं कमी माप

सोसायटीत हल्ली कुणाचा मिक्सर बंद पडला तरी लोक आधी माझ्याकडे बघतात. परवा लिफ्ट अडकली, तर आतून कुणीतरी ओरडलं म्हणे, "साहेब कुठे आहेत ते बघा आधी!" साहेब घरात होते. पेपर वाचत होते. बटण दाबण्यापलीकडे त्या लिफ्टशी साहेबांचा आयुष्यात संबंध आलेला नाही. पण एकदा माणसाचं नाव झालं की झालं. घरच्या कॉम्प्युटरला मी जास्त व्होल्टेज दिलं आणि त्याचा प्रोसेसर, म्हणजे त्याचा मेंदू, जाळला. या इमारतीत याखेरीज आजवर काही घडलेलंच नाही अशा थाटात लोक वागतात.

जाळला हे खरं आहे. मीच जाळला हेही खरं आहे. पण का जाळला हे विचारायची कुणाला फुरसत नाही, म्हणून स्वतःहून सांगतो.

मी वजनमापे खात्यात निरीक्षक होतो. उभा जन्म दुकानदारांचे तराजू तपासण्यात गेला. वजनाच्या बुडाला भोक पाडून आतलं शिसं काढणारे, पेट्रोलचा काटा पुढे ढकलणारे, कापड मोजताना मीटरपट्टी अंगठ्याखाली सरकवणारे, सगळे मी पाहिले. त्यामुळे एक गोष्ट हाडीमाशी भिनली आहे. माप कमी भरलं तर गुन्हा. जास्त भरलं तर गुन्हा नाही. दुकानदाराने किलोला सव्वा किलो दिलं, तर त्याला दंड करायची कायद्यात सोय नाही. फार तर त्याच्या बायकोने त्याला जाब विचारावा. माझ्या सगळ्या नोकरीत जास्त मापाची एकही तक्रार टेबलावर आली नाही. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

आता कॉम्प्युटर. तो माझा नव्हे, बायकोचा. ती प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. त्या शाळेत मुलांसाठी गोष्टींची पुस्तकं होती, पण ती लोखंडी कपाटात, आणि कपाटाची किल्ली मुख्याध्यापिकाबाईंच्या पर्समध्ये. दिली की फाटतात, म्हणून द्यायची नाहीत. ही निवृत्त झाली तरी त्या किल्लीवरून अजून झोपेत भांडते. तर त्या शाळेत एक खोली रिकामी झाली आणि तिथे मुलांसाठी वाचनखोली करायचं संस्थेच्या मनात आलं. एका फर्निचरवाल्याने कपाटांचा नमुना देऊनही टाकला. कुलपांसकट. हे कानावर येताच हिने संस्थेच्या चिटणिसांना गाठलं. म्हणाली, "मलाही एक नमुना दाखवू द्या." ते म्हणाले, "बाई, तोंडी नको. बैठकीत चित्र दाखवा. ते दाखवणार आहेत तसं, रंगीत."

झालं. ही क्लासला गेली, नातवंडं शोभतील अशा पोरांत बसून खोल्यांची चित्रं काढायचा प्रोग्राम शिकली, आणि तिची वाचनखोली कॉम्प्युटरच्या आत उभी राहू लागली. मुलांचा हात पोचेल अशा बुटक्या उघड्या मांडण्या. कुलूप कुठेच नाही. आणि सगळ्यात शेवटी तिला सुचला तो खिडकीखालचा लांबलचक कट्टा. "पुस्तक हातात पडलं की मुलं उजेडाकडेच पळतात," ती म्हणाली. "बसायलाही तिथेच हवं. मी इतकी वर्षं बघत होते आणि इतक्या उशिरा सुचलं बघा."

हा प्रोग्राम चित्र एकदम दाखवत नाही. आधी नुसत्या रेघा. मग एक बटण दाबलं की उजेड कुठून येतो, सावली कुठे पडते, लाकूड कसं दिसतं, याचा हिशोब करत तो चित्र भरत जातो. फरशी बसवावी तसा, एकेक चौकोन. दुपारी बटण दाबून चहा घेऊन बसावं, तर चहा संपला, कप वाळले, तरी खिडकी अर्धीच. आम्ही दोघं दोन खुर्च्या टाकून बघत बसायचो. पुढचा चौकोन कुठला येणार यावर पैज. "दाराचा." "छे, छताचा." हरेल त्याने कप विसळायचे. बहुतेक हीच जिंकायची. मी कप विसळायचो, आणि माझ्यासारख्या माणसाच्या दुपारी अशा फुकट जाताहेत याचा मला राग यायचा. कमाल आहे, नाही का? राग यायचा मला.

आगीत तेल ओतलं ते मेहुण्याने. म्हणजे हिच्या धाकट्या भावाने. एका दुपारी तो आला, आमच्या दोन खुर्च्यांमागे उभा राहिला आणि म्हणाला, "भाऊजी, हे काय? रांगतंय का हे? माझ्याकडे एवढं चित्र चहा गाळायच्या आत येतं."

मेहुण्याने जन्मात एक रेघ ओढलेली नाही. तो त्या मशीनवर पत्ते खेळतो. पण बोलणं लागलं.

"काय केलंस त्याला?" मी विचारलं.

"वेग वाढवला. आत सेटिंग असतं. कंपनीवाले मुद्दाम कमी ठेवतात, भाऊजी."

मुद्दाम कमी ठेवतात! या वाक्यावर माझे कान असे टवकारले की विचारू नका. निवृत्त होऊन पाच-सहा वर्षं झाली तरी अंगात शिरलेलं खातं बाहेर पडत नाही. ही तिकडून म्हणाली, "अहो, मला घाई नाही हं. बैठकीपर्यंत माझं व्यवस्थित होतंय." हे मी ऐकलं होतं. ऐकलं नाही असं मी म्हणत नाही.

दुसऱ्या दिवशी ही बाजारात गेल्यावर मी कामाला लागलो. कॉम्प्युटर सुरू होताना एक बटण टकाटक दाबत राहिलं की तो नेहमीचा पडदा न दाखवता आतलं पान उघडतो. मेहुण्याने फोनवर सांगितलं ते मी केलं. वेगाचा आकडा वाढवला. मशीन सुरू झालं, अर्धवट चित्र दाखवलं आणि मान टाकली. पुन्हा सुरू केलं, पुन्हा टाकली. मेहुणा म्हणाला, "त्याला व्होल्टेज कमी पडतंय, भाऊजी. वेग वाढला की जरासं वाढवावं लागतं. मी माझ्याकडे किती केलंय ते मात्र आठवत नाही. बघा तुम्ही अंदाजाने."

अंदाजाने! हा शब्द मला कुणी बोलायचा नाही. मी व्होल्टेजची ओळ शोधून काढली. चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. सव्वाच्या आसपास. सव्वाशे नव्हे, सव्वा. सव्वा व्होल्ट!

मी समोरच्या भिंतीकडे पाहिलं. भिंतीवर घड्याळ होतं. त्यात एक सेल असतो, दीड व्होल्टचा. ज्याला टिकटिक करण्याखेरीज दिवसभर उद्योग नाही, शिवाय जे आठवड्याला पाच मिनिटं मागे पडतं, त्या घड्याळाला दीड. आणि एक अख्खी वाचनखोली डोक्यात घेऊन बसलेल्या मेंदूला सव्वा? भर संसारात, निरीक्षकाच्या घरात, इतके दिवस कमी माप चाललं होतं आणि मला पत्ता नव्हता. माझा संताप झाला. खोटं कशाला बोलू, थोडा आनंदही झाला. बऱ्याच दिवसांनी केस हाताला लागली होती.

तरी मी उतावळा माणूस नाही. चार लोकांना विचारलं. चार म्हणजे दोन.

पहिले फेजराव. वरच्या मजल्यावर राहतात, वीज खात्यातून निवृत्त झालेत, आणि कुठलाही विषय तिसऱ्या वाक्यात फेजवर आणतात म्हणून हे नाव. त्यांनी ऐकून घेतलं आणि मांडीवर थाप मारली. "साहेब, कमी व्होल्टेजनेच सगळं जळतं! उन्हाळ्यात व्होल्टेज उतरलं की पंपांच्या मोटरी पटापट जळायच्या. आम्ही डोळ्यांनी पाहिलंय. सव्वा? आमच्या खात्यात याला व्होल्टेज म्हणतच नाहीत. याला गळती म्हणतात. द्या बिनधास्त!" मोटरीबद्दल त्यांचं म्हणणं अगदी बरोबर होतं, हे मी आजही मान्य करतो. फक्त कॉम्प्युटरच्या डोक्यात मोटर नव्हती.

दुसरे मेडिकलवाले. तळमजल्यावर त्यांचं औषधांचं दुकान. ते जिन्यात भेटले. म्हणाले, "मला त्यातलं कळत नाही, साहेब. पण आमच्याकडे डोस वाढवायचा तर चिमूटभर वाढवतात. मग थांबायचं. पेशंटला काय होतंय बघायचं, ताप बघायचा. सोसलं तर आणखी चिमूटभर. आणि ज्या कमीत कमी डोसात काम भागतं तोच खरा डोस. त्याच्यावर थेंबभर नाही."

"पण घड्याळाला दीड आहे," मी म्हणालो.

"घड्याळ वेगळा पेशंट, साहेब."

आता या मेडिकलवाल्यांचा काटा मी नोकरीत असताना एकदा जप्त केला होता. मला वाटलं, तो राग अजून मनात असणार. नाहीतर भरलेलं माप देऊ नका असं शेजाऱ्याला कोण सांगतं? मी "बरं, बरं" म्हणून वर आलो आणि सरळ दीड लिहिलं. घड्याळाएवढं. एका घरात दोन मापं नकोत.

आकडा लाल झाला. आमच्या खात्यात लाल शाई फक्त मोठ्या साहेबांकडे असायची, त्यामुळे मला ती मंजुरीच वाटली. मग सवयीप्रमाणे कागदाच्या चिठोऱ्यावर लिहिलं: 'वेग वाढवला. व्होल्टेज १.५. तपासून बरोबर आढळले.' खाली लपेटदार सही केली आणि चिठ्ठी कॉम्प्युटरच्या पेटीच्या कुशीला डकवून टाकली. तपासलेल्या वस्तूवर खूण नसली की मला जेवण जात नाही.

दुपारी हिने बटण दाबलं आणि चहा टाकायला आत गेली. दोन कप घेऊन बाहेर आली, तर चित्र पुरं! खिडकी, दार, मांडण्या, सावल्यांसकट.

"अगं बाई," ती म्हणाली, "एवढ्यात झालंसुद्धा?"

"झालं!" मी खुर्चीत असा टेकलो होतो की फक्त हार घालायचा राहिला होता.

ती दोन कप हातात घेऊन जराशी उभी राहिली. चित्राकडे पाहिलं, रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. मग माझा कप माझ्यासमोर ठेवला आणि स्वतःचा घेऊन आत गेली. "मग मी भाजी निवडून घेते," म्हणाली. मला ती खूश झाल्यासारखी वाटली. मी मेहुण्याला फोन लावला आणि चहा गार होईपर्यंत बोललो.

पुढचे दिवस मजेत गेले असं म्हणायला हवं, पण नाही म्हणता येत. आधी आवाज सुरू झाला. पेटीतला छोटा पंखा मेंदू गार ठेवायला असा काही गरगरायला लागला की खालच्या मजल्यावरच्यांना आम्ही पिठाची गिरणी टाकल्याचा संशय आला. सोसायटीचे सेक्रेटरी आले. कान लावून उभे राहिले आणि म्हणाले, "राहत्या जागेत उद्योग चालवायला समितीची परवानगी लागते, साहेब. तुम्हाला तरी नियम सांगायला नको." मी बाणेदारपणे अर्ज दिला. विषय: कॉम्प्युटरचा मेंदू गार ठेवणाऱ्या पंख्याच्या आवाजाबाबत. समितीने कळवलं, आवाज किती होतो याचा दाखला जोडा. दाखला देणाऱ्या कचेरीत गेलो, तर तिथला कारकून म्हणाला, आम्ही फक्त कारखान्यांना देतो, तुमचा कारखाना असल्याचा दाखला आणा. कारखाना नसल्याचं सिद्ध करायला मला कारखाना असल्याचा दाखला हवा होता. मी नमस्कार करून परत आलो.

मग उष्णता. पेटीला हात लावला की चटका बसे. मी पेटीची एक बाजू उघडी काढली आणि समोर टेबलफॅन लावला. त्या वाऱ्याने हिची पेन्सिलीने काढलेली रेखाटनं उडाली आणि शेजारच्या बाल्कनीत ओल्या कपड्यांवर जाऊन बसली. त्यांच्या चादरीवर आमच्या वाचनखोलीचा दरवाजा उमटला. त्या शेजारीणबाई आठवडाभर माझ्याशी बोलल्या नाहीत, ही त्यातल्या त्यात जमेची बाजू.

मग मशीन अडखळायला लागलं. तोच वेग, तेच दीड व्होल्ट, पण मध्येच गोठायचं. मेडिकलवाले म्हणाले, "अंगवळणी पडलं, साहेब. आता तेवढ्याने भागेनासं झालंय. असं झालं की आम्ही घाबरतो. कमी करा, अजून वेळ आहे." फेजराव म्हणाले, "छे! आता कुठे त्याला चव लागली. आणखी जरासं द्या, आणि स्टॅबिलायझर लावा." मी कुणाचं ऐकलं ते सांगायला नको. दीडवर आणखी थोडं चढवलं, आणि फेजरावांनी आमच्या फ्रिजचा स्टॅबिलायझर काढून कॉम्प्युटरला जोडला. फ्रिज पुन्हा भिंतीला जोडायचा असतो, हे आम्हा दोन निवृत्त अधिकाऱ्यांपैकी एकाच्याही लक्षात राहिलं नाही. दूध नासलं, भाज्यांनी मान टाकली, फ्रिजखालून पाण्याचा ओघळ दिवाणखान्यापर्यंत आला.

ही फडकं घेऊन फरशी पुसत होती. वर न बघता म्हणाली, "अहो, होतं तसं करून ठेवा ना. मला खरंच घाई नाहीये."

"बैठक झाली की करतो," मी म्हणालो. इतक्या चढलेल्या मापावरून माघार घ्यायची म्हणजे काय? आणि मेहुण्याला काय तोंड दाखवायचं?

बैठकीच्या आदल्या दिवशी दुपारी तिने कट्टा पुरा केला. आठवडाभर ती त्या कट्ट्यावर बसली होती. कोपरे गोल केले, मुलांचे गुडघे आपटू नयेत म्हणून. उंची कमी केली, पहिलीतल्या पोराचे पाय जमिनीला टेकावेत म्हणून. कट्ट्याच्या पोटात कप्पे केले, बसल्या जागी पुस्तक ठेवता यावं म्हणून. मग मला हाक मारली. "या, शेवटचं मोठं चित्र काढते. उद्या हेच दाखवायचं." तिने फाइल जपून ठेवायचं बटण दाबलं, आणि लगेच चित्राचं.

पंखा किंचाळला. पडद्यावर दोन-चार चौकोन भराभर आले. टक् असा आवाज झाला, अगदी बारीक, सुपारी फोडावी तसा. पडदा काळा. आणि मग तो वास आला, इस्त्री कपड्यावर विसरल्यासारखा.

मी बटण दाबलं. पुन्हा दाबलं. फेजराव धावत खाली आले, त्यांनी फ्यूज तपासला आणि जाहीर केलं, "फेज आहे!" फेज होता. बाकी काही नव्हतं.

मी पेटी उचलली, रिक्षात घातली आणि कंपनीच्या दुरुस्ती केंद्रावर गेलो. तिथे टोकन घ्या, बसा, नंबर लागला की दुसरी खिडकी, त्यांनी पाहिलं की पुन्हा पहिली खिडकी. वॉरंटी शिल्लक होती. खिडकीतल्या बाई शांत होत्या. त्यांनी विचारलं, "काका, आतलं सेटिंग तुम्ही काही बदललं होतं का?"

उभ्या जन्मात हा प्रश्न मी विचारत आलो. वजन घासलं का? काटा हलवला का? आणि समोरचा माणूस दर वेळी जमिनीकडे बघून म्हणायचा, नाही साहेब, आलं तेव्हापासून असंच आहे. मला त्या माणसांचा फार तिटकारा यायचा. मी जमिनीकडे बघितलं आणि म्हणालो, "नाही बाई. आणलं तेव्हापासून असंच आहे."

बाईंनी मान हलवली, पेटी आपल्याकडे वळवली आणि कुशीवरची चिठ्ठी मोठ्याने वाचली. "व्होल्टेज एक पॉइंट पाच. तपासून बरोबर आढळले." मग खाली बघून, "सही तुमचीच का, काका?"

रांगेत मागे उभे असलेले हसले. बाई हसल्या नाहीत, हे त्याहून वाईट. त्या म्हणाल्या, "याला सव्वाच पुरतं. फार तर त्यावर अगदी किंचित, तेही ताप बघत बघत. वॉरंटीत बसणार नाही."

"वॉरंटी राहू द्या," मी म्हणालो. "आत एक फाइल आहे. ती तेवढी काढून द्या. उद्या लागणार आहे."

त्यांनी आतली डिस्क काढून त्यांच्या मशीनला लावली, बराच वेळ खटपट केली. फाइल होती, पण उघडेना. मशीन बंद पडलं तेव्हा जुनीवरच नवी लिहिली जात होती, ती अर्धीच लिहिली गेली. बाकी सगळं शाबूत होतं. माझ्या जुन्या अर्जांच्या नकलासुद्धा शाबूत होत्या.

घरी आलो. ही दारातच उभी होती. तिने प्रोसेसरबद्दल काही विचारलं नाही. एकच शब्द विचारला.

"कट्टा?"

मी नकारार्थी मान हलवली. आधीची रंगीत चित्रं आम्ही नुसती बघून सोडून दिली होती, जपली एकही नव्हती. पेनड्राइव्हवर तिची एक जुनी प्रत होती, क्लासच्या मैत्रिणीला दाखवायला केलेली. कट्टा सुचायच्या आधीची. त्या प्रतीत खिडकी होती आणि खिडकीखाली भिंत. नेमकी ती प्रतही मैत्रिणीकडे, आणि मैत्रीण परगावी.

दुसऱ्या दिवशी ही पेन्सिलीची रेखाटनं घेऊन बैठकीला गेली. त्यातलं एक चादरीवर चिकटून फिकं झालेलं. मी सोबत गेलो आणि बाहेर व्हरांड्यात बाकावर बसलो. दार अर्धवट उघडं होतं. आत फर्निचरवाल्याने भिंतीवर रंगीत फिल्म लावली होती. त्याची कपाटं गोल गोल फिरत होती आणि मंडळी "वा, वा" म्हणत होती. मग हिचा नंबर आला. कागद हातोहात फिरले. ती बोलत होती, मुलं उजेडाकडे कशी पळतात ते सांगत होती. चिटणीस म्हणाले, "बाई, कल्पना चांगली आहे, पण हे पेन्सिलीतलं नीट डोळ्यांसमोर येत नाही. रंगीत नव्हतं का काही?"

"होतं," ती म्हणाली.

बस्स, एवढंच. नवऱ्याने जाळलं, असं तिने म्हटलं असतं तरी मी बाहेर बसून हो म्हणालो असतो. पण ती तेवढंच म्हणाली आणि कागद गोळा करायला लागली. कपाटं मंजूर झाली. कुलपांसकट.

परत येताना रस्त्यात तीच म्हणाली, "तसंही ते कपाटंच घेणार होते हो. त्यांचं ठरलेलंच होतं." मला झोप लागावी म्हणून ती हे म्हणाली, हे न कळण्याइतका मी मूर्ख नाही. मला झोप लागली नाही. आयुष्यात इतक्यांचे तराजू जप्त केले, पण त्या दिवशी जेवढी स्वतःची लाज वाटली तेवढी त्यांतल्या एकालाही कधी वाटली नसेल.

मी कॉम्प्युटर दुरुस्त करून आणला. तसाच प्रोसेसर मिळेना, म्हणून त्याहून वरचा घातला. तो मुळातच इतका चपळ, की एकाही आकड्याला हात न लावता चित्र चहा उकळायच्या आत तयार. मी हिला दाखवलं. ती "छान" म्हणाली आणि आत गेली. त्यानंतर ती त्या मशीनसमोर बसलीच नाही. पेनड्राइव्ह मैत्रिणीकडून परत आला होता, तो तसाच खणात पडून होता.

एका दुपारी मी विचारलं, "हल्ली चित्रं काढत नाहीस तू?"

"काढायचं काय आता?" ती म्हणाली. "आणि काढलं तरी बघायचं काय? बटण दाबलं की संपलं. पूर्वी निदान आपला चहा तरी व्हायचा."

ती सहज बोलून गेली. मी मात्र तिथेच उभा राहिलो. मला त्या दोन खुर्च्या दिसल्या, वाळलेले कप दिसले. रोजच्या दिवसात आम्ही दोघं एकमेकांशेजारी, काही काम नसताना, कुणाची वाट न बघता बसत होतो ते तेवढंच. आणि मी नेमका तोच वेळ वाचवायला निघालो होतो. ती मला दोनदा म्हणाली होती, घाई नाही.

मी खाली मेडिकलवाल्यांकडे गेलो. म्हटलं, "डोस कमी करायचा असेल तर कसा करतात?"

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "तसाच. चिमूटभर कमी करायचा. मग थांबायचं."

ही बहिणीकडे गेली असताना मी आतलं पान उघडलं. वेगाचा आकडा खाली आणला. मग व्होल्टेज, एकेक चिमूट कमी करत. दर वेळी मशीन कामाला लावायचं, ताप बघायचा, अडखळत नाही ना बघायचं, मग पुढची चिमूट. त्या वेगाला जेवढं पुरतं तेवढ्यावर येऊन थांबलो. सव्वाच्याही बरंच खाली. पंख्याचा आवाज ऐकायला कान लावावा लागत होता. फेजराव डोकावले, आकडा वाचून हादरले. "कमी? साहेब, तुम्ही? तुमच्या हाताने कमी माप?"

"होय," मी म्हणालो, "कमी." या खेपेला चिठ्ठी डकवली नाही.

दुसऱ्या दिवशी मी खणातून पेनड्राइव्ह काढला, जुनी फाइल उघडली आणि बटण दाबलं. दोन खुर्च्या टाकल्या. चहा मीच केला. हाक मारायचा धीर होईना, म्हणून कप जरा जोरात आपटले. ती बाहेर आली. पडद्यावर छताचा एक चौकोन आला होता. बऱ्याच वेळाने दाराचा आला. तिने माझ्याकडे बघितलं, पेटीकडे बघितलं, आणि खुर्चीत बसली.

आम्ही चहा घेतला. मांडण्या आल्या, एकेक करून. बुटक्या, उघड्या.

"आता खिडकीखालचा येणार," ती म्हणाली.

"छे, फरशीचा," मी म्हणालो. जुन्या सवयीने तोंडातून गेलं.

मशीन सावकाश हिशोब करत होतं. मग चौकोन आला. खिडकीखालचाच होता. स्वच्छ उजेड पडलेली नुसती भिंत.

ती त्या भिंतीकडे बघत राहिली. मीही बघत राहिलो. मग ती उठली, दोन्ही कप उचलले आणि विसळायला आत घेऊन गेली. वास्तविक पैज ती जिंकली होती. आतून नळाचा आवाज बराच वेळ येत राहिला.